गयाच्या पेटीची चावी

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून बाजेची दोरी ओढली. दोरीच्या खाटेला आमच्याकडे बाज म्हणतात. पावसाळ्यात दोरी सैल पडते, माणूस झोपला की मधे खड्डा होतो आणि सकाळी कंबर धरते. हे काम एकट्याचं नाही. एकानं पायथ्याची दोरी ओढायची, दुसऱ्यानं ती परत सुटू नये म्हणून अंगठ्यानं दाबून धरायची. लग्न झाल्यापासून मी ओढत आलो आणि गया दाबून धरत आली. त्या दिवशी तिचा अंगठा दोरीखाली आला तशी ती म्हणाली, "अवो, हळू ओढा ना! बैलाची वेसण हाय काय?" मी म्हणलं, "तू नीट धर, मंग मी हळू ओढतो." शेवटची गाठ मारताना ती म्हणाली, "सकाळी पेटीतले कागदं काढून ठेवू. पुढच्या सोमवारी पोरीले हैदराबादले हजर व्हाचं हाय. मी बटनाची पिशवी आणली, पाण्यानं भिजत नाही." पोरगी म्हणजे आमची नात शीतल. मी नुसतं "हो" म्हणलं. तिनं बाजेवर हात थापटून पाहिला. "कशी ढोलकीवानी झाली पाहा," म्हणाली, आणि चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, अकराच्या सुमारास शाळेचे गुरुजी मोटारसायकलवर दारात आले. गाडी बंद न करताच म्हणाले, "काका, बसा मागं." मी बसलो. गया आमच्या गावच्या मराठी शाळेत मुलांचा स्वयंपाक करायची. तिथं पोचलो तर ती स्वयंपाकाच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्यासारखी होती. दवाखान्यात न्यायच्या आधीच सगळं संपलं होतं. चुलीवर वरण उकळत होतं, ते कोणीतरी उतरवून ठेवलं. त्या दिवशी मुलांना जेवण उशिरा मिळालं. तिला हे बिलकुल आवडलं नसतं.

याला आता दीड महिना झाला. गुरुजी म्हणाले, बाईंनी इतकी वर्षं पोरांना खाऊ घातलं, तुम्ही चार शब्द लिहा, पेपरच्या पुरवणीत देऊ. मी चौथी शिकलेला माणूस. आदिलाबादच्या जिनिंगमध्ये कापसाची बोंदरी, म्हणजे मोठी गाठोडी, उचलण्यात उमर गेली. मी गुरुजींना सांगितलं, चुका तुम्ही दुरुस्त करा, पण मजकूर गोड करू नका. कारण मला जे लिहायचं आहे ते गोड नाही.

गयाला शाळा माहीत नव्हती. लग्न होऊन आदिलाबादकडच्या बेल्याच्या बाजूच्या आमच्या गावात आली तेव्हा ती दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जायची. पुढं शाळेत स्वयंपाकाचं काम मिळालं, तेव्हा तिची चाळिशी उलटून गेली होती. स्वयंपाकाच्या खोलीला लागून पहिलीचा वर्ग. तांदूळ निवडता निवडता ती खिडकीतून ऐकायची आणि राखेत काडीनं अक्षरं काढायची. मला कळलं तेव्हा मी हसलो. म्हणलं, "आता काय कलेक्टर होतं काय व?" ती म्हणाली, "तुमी चौथी शिकले त कोणता दिवा लावला? मी आपली पहिलीच पक्की करून राह्यली." दोन वर्षांत ती पाटीवर नाव लिहायला लागली, मग दुकानावरच्या पाट्या वाचायला लागली. विहारात वंदना म्हणताना पुस्तक उघडून समोर ठेवायची. तोंडपाठ असलं तरी ठेवायची. मला वाटायचं, ही दाखवायला करते. आता वाटतं, तिला ती अक्षरं ओळखीची झाल्याचा आनंद होता, आणि मी त्या आनंदात कधी शेजारी बसलो नाही.

आमचा मुलगा आणि सून पुण्याकडे बांधकामावर गेले आणि तिकडचेच झाले. त्यांची मुलगी शीतल लहानपणापासून आमच्याजवळ. पोरगी हुशार निघाली, सरकारी वसतिगृहाच्या शाळेत लागली. तिथं शनिवारी टीव्हीवर एक बाई स्पॅनिश भाषा शिकवायच्या. बाकीच्या पोरी त्या वेळात वेण्या घालायच्या, आमची मात्र वही घेऊन बसायची. सुट्टीत घरी आली की आजीला शिकवायची. मीठ म्हणजे साल, तांदूळ म्हणजे आरोस, साखर म्हणजे आसुकार. गयानं कागदाचे तुकडे कापले, त्यावर आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात हे शब्द लिहिले आणि भाताच्या खळीनं डब्यांवर चिकटवले. शाळेत मुलांना पाणी वाढताना ती "आग्वा, आग्वा" म्हणायची आणि अख्खी पंगत ओरडायची, "आग्वा!" गुरुजी सांगतात, अजूनही ओरडतात.

एक दिवस दोघी बाजारात गेल्या होत्या. मी स्वतः चहा केला. डबा हाती आला, वर 'साल' लिहिलेलं. पांढरं दिसलं, दोन चमचे टाकलं. दोघी आल्या तेव्हा मी मोरीत थुंकत होतो. शीतल म्हणाली, "आबा, साल म्हणजे मीठ!" आणि दोघी इतक्या हसल्या की गया पिशवी घेऊन खालीच बसली. हसण्यासारखंच होतं ते. पण मला लागलं. मी डबा आंगणात फेकला. म्हणलं, "मायाच घरात मले मीठ ओळखू येत नाही, हे कोणतं शिक्षण?" मीठ चिखलात गेलं. गयानं डबा उचलून पुसला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर प्रत्येक चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात मराठी लिहिलं होतं... मीठ, तांदूळ, साखर. माझ्यासाठी. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

शीतल इंटर, म्हणजे बारावी, पास झाली आणि म्हणाली, मी स्पॅनिश शिकवणारी बाई होणार. आमच्या गल्लीत कोणालाच कळलं नाही की ही भाषा कुठली आणि ती शिकायला येणार कोण. मीही म्हणलं, "बेल्यात कोण स्पॅनिश बोलते व? बैल काय?" गया म्हणाली, "बैल नाही बोलत, म्हणून त शिकवाची हाय." मग ती कॉलेज शोधायला लागली. कशी? शाळेत जो येईल त्याला वाढता वाढता विचारायची. तपासणीला साहेब आला तरी सोडायची नाही. तिथं स्पॅनिश खरंच शिकवतात काय, का नुसतं पाटीवर हाय? पोरीच्या राहाच्या जागेले भिंत हाय काय? जेवण पोटभर भेटते काय? शिकून झाल्यावर शिकवाची परवानगी भेटते काय? रात्री घरी येऊन मला सांगायची, जणू मी विचारलंच होतं. नागपूरला एक क्लास होता, पण खोली भाड्यानं घ्यावी लागणार. आदिलाबादला फी नाही, पण ती भाषाही नाही. हैदराबादला भाषा शिकवायचं मोठं सरकारी विद्यापीठ आहे, तिथं परीक्षा देऊन नंबर लागला तर फी थोडी आणि वसतिगृह आतच. "लांब हाय तेच आपल्याले परवडते," ती म्हणायची. "जवळचं सगळं महाग." पोरीनं परीक्षा दिली, नंबर लागला. मी सगळीकडे सांगत सुटलो, आपल्याला परवडत नाही. खोटं होतं. परवडत होतं. गयानं ते विचारून विचारून पक्कं केलं होतं. मला भेव वाटत होतं. आमचा मुलगा असाच चार महिन्यांसाठी म्हणून गेला होता. आणि आणखी एक सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. एवढ्या सगळ्या साहेबांना विचारलं, पण मला कोणी विचारलं नाही, याचा राग होता.

आमच्या भागात उन्हाळ्यापासून खाजगी डिग्री कॉलेजवाले मास्तर गावोगाव फिरतात. कोणाच्या घरी पोरगं इंटर पास झालं हे त्यांना आपल्या आधी माहीत असतं. ओसरीवर बसतात, चहा पितात, बस फ्री, फी फ्री म्हणतात, आणि सीट पक्की करायला म्हणून असल कागद घेऊन जातात. टीसी, मार्काचा मेमो, सगळं. एकदा कागद गेले की पोरगं दुसरीकडे जाऊ शकत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर असाच एक मास्तर आला, पंचविशीतला, शर्ट घामानं चिकटलेला. गया शाळेत होती आणि शीतल कामानं आदिलाबादला. तेलुगूत आजोबाला ताता म्हणतात. तो म्हणाला, "ताता, पोरगी घरून येणं-जाणं करन. डोळ्यांसमोर राहीन." मी विचारलं, "तुमच्याइथं ते स्पॅनिश हाय काय?" तो म्हणाला, "कंप्युटर आहे ना ताता. कंप्युटरमध्ये सगळं असतं." मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. मग मी उठलो, दाराच्या बाजूच्या खिळ्यावरून पेटीची चावी काढली, पेटी उघडली आणि कागद त्याच्या हातात दिले. पेटी बंद केली. चावी खिळ्याला अडकवली. संध्याकाळी गयानं विचारलं, "कोण आलं होतं? दोन कप उष्टे दिसतात." मी म्हणलं, "विमावाला." पोरीजवळ झेरॉक्स होत्या, फॉर्म त्याच्यावरच भरला गेला. पेटी महिनाभर कोणी उघडलीच नाही. मी म्हणत राहिलो, आज सांगतो, उद्या सांगतो. मग ती बाजेची दोरी ओढायची संध्याकाळ आली.

गया गेली त्या सोमवारी शीतल सकाळच्या पहिल्या बसनं आदिलाबादला गेली होती, हैदराबादचं पत्र छापून आणायला. परत आली ते घरापुढं गर्दी पाहत. मुलगा-सून रात्रभर प्रवास करून आले. गुरुवारी शीतलनं डोळे पुसले आणि म्हणाली, आजीचं ठरलेलं मोडायचं नाही, मी जाते. तिनं खिळ्यावरची चावी काढली आणि पेटी उघडली. लुगडी काढली, आजीचं नवं पातळ काढलं, तळाचा वर्तमानपत्राचा कागदसुद्धा उचलून पाहिला. मी दारात उभा होतो. म्हणलं, "नको शोधू. मी दिले ते." सगळं सांगितलं. मुलगा अंगावर धावून येईल असं वाटलं, पण तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शीतलनं एकेक लुगडं परत पेटीत घातलं. मग तिनं एकच विचारलं, "आबा, आजीला माहीत होतं?"

मी म्हणलं, "नाही."

"बरं झालं," ती म्हणाली.

एवढंच. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

शुक्रवारी सकाळी मी एकटा त्या कॉलेजात गेलो. मुलगा येतो म्हणाला, मी नको म्हणलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "तीन साल की पूरी फीस भरो, सर्टिफिकेट ले जाओ." मी म्हणलं, फ्री म्हणाले होते ना? तो म्हणाला, "पढ़ेगी तो फ्री. जाएगी तो फ्री नहीं." मी भांडलो नाही. भांडायला तोंड नव्हतं. बाहेर येऊन फाटकापाशी जमिनीवर बसलो. आईबाप पोरापोरींना घेऊन येत होते, हातात फायली. जो येईल त्याला मी सांगायला लागलो, "असल कागद देऊ नका. मी दिले. नातीले न विचारता, बायकोले न सांगता दिले. माही नात अडकली." भीमपूरकडची एक बाई पोरीचा हात धरून तिथूनच परत गेली. मग आणखी दोघं थांबले. वॉचमन म्हणाला, "बाबा, उठ ना, मेरी नौकरी जाएगी." मी म्हणलं, "तुयी नौकरी जाईन त दुसरी भेटन. मायी बायको गेली." तो बिचारा मग माझ्यासाठी पाणी घेऊन आला.

दुपारी तोच मास्तर बाहेर आला. माझ्याजवळ उकिडवा बसला आणि हळू म्हणाला, "ताता, आम्हाला प्रत्येकी वीस पोरं आणायची असतात. नाही आणली तर पगार नाही." मी म्हणलं, "म्हणून मले फसवलं काय?" तो म्हणाला, "मी कुठं फसवलं? तुम्ही स्पॅनिशचं विचारलं, मी कंप्युटर म्हणलं. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं... मी तुमचं तोंड पाहिलं होतं." पोराच्या वयाचा माणूस, पण खरं बोलला.  तीन वाजता त्यांनी कागद खिडकीतून बाहेर सरकवले, हे म्हातारं उठावं म्हणून. मी ते बंडीच्या आत पोटाशी धरून घरी आणले आणि गयानं आणलेल्या बटनाच्या पिशवीत ठेवले. पिशवी बाजेवरच पडून होती.

रविवारी विहारात गयाच्या नावानं पुण्यानुमोदन झालं. पोरीला सोमवारी हजर व्हायचं होतं म्हणून लवकरच ठेवलं. गुरुजी बोलले, सरपंच बोलला. कोणी म्हणालं, बाबांनी म्हातारपणात फाटकावर बसून कॉलेज हलवलं, बायकोची इच्छा पुरी केली, नवरा असावा तर असा. लोकांनी माना हलवल्या. मुलानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी हात जोडून खाली पाहत बसलो. कोणाला वाटलं, बाबा रडून राह्यले.

संध्याकाळच्या गाडीनं मुलगा शीतलला घेऊन हैदराबादला गेला. निघताना तिनं विचारलं, "आबा, डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढू काय?" मी म्हणलं, राहू दे. आता ती दर रविवारी फोन करते. परवा म्हणाली, "आबा, वर्गात बाईंनी स्वयंपाकघरातले शब्द विचारले. मले सगळे येत होते. आजीनं पाठ करून घेतले ना." मी म्हणलं, मलाही येतात. तिला खोटं वाटलं. मग मी एकेक डबा हाती घेऊन तिला म्हणून दाखवलं. साल, आरोस, आसुकार. 

गावात अजून मला मान आहे. पोरीच्या शिक्षणाचं विचारायला लोक येतात, कोणतं कॉलेज घ्यावं, कागद द्यावे की नाही. मी गयानं विचारलेले प्रश्न त्यांना सांगतो आणि ते जणू माझेच आहेत असं समजून लोक ऐकतात. बाज परत सैल पडली आहे. शेजारचे म्हणतात, आम्ही धरतो, तुम्ही ओढा. मी म्हणतो, राहू द्या.

पण एक गोष्ट मी पेटीसमोर सांगितली नाही, फाटकावर सांगितली नाही, विहारातही नाही. कागद दिले हे सगळ्यांना माहीत आहे. शीतल "बरं झालं" म्हणाली, ते तिला पुढचं माहीत नाही म्हणून. हे ती वाचणार. गुरुजी तिला पेपर पाठवणार आहेत. तोंडानं सांगायची हिंमत झाली नाही म्हणून लिहितो.

त्या सोमवारी सकाळी शीतल बससाठी गेली. गया भाकरी टाकत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. मी खिळ्यावरची चावी काढली आणि बंडीच्या खिशात टाकली. भाकरी झाल्यावर ती हात पुसत आली, बटनाची पिशवी घेऊन, आणि तिचा हात खिळ्याकडे गेला. "चावी कुठं गेली वो?" मी म्हणलं, "मले काय माहीत? तूच कुठी ठेवली असशीन." ती शोधायला लागली. फळीवरचे डबे एकेक उचलून पाहिले, मीठ, तांदूळ, साखर. भिंतीतल्या देवळीत हात घालून पाहिला. बाजेवरचं अंथरूण उचललं, झटकलं. मग जमिनीवर पालथी झाली आणि बाजेखाली पाहिलं, भिंतीपर्यंत हात लांब करून. उठताना तिनं बाजेची काठी धरली आणि थोडा वेळ तशीच थांबली, तोंड पांढरं पडलेलं. मी तेव्हा सांगू शकत होतो. त्याऐवजी मीही उठलो, कोपऱ्यातली बादली सरकवली आणि म्हणलं, "इथं नाही व." ती म्हणाली, "तुमी बसा. तुमचे गुडघे दुखतात. पोरांचा भात टाकाचा हाय, मले उशीर झाला. आल्यावर पाहीन मी." पिशवी बाजेवर ठेवली आणि भरभर चालत गेली. ती एरवी इतकी भरभर चालत नसे.

तिचं सगळं उरकेपर्यंत ती चावी माझ्याच खिशात होती. तिसऱ्या दिवशी सगळे बाहेर बसलेले पाहून मी ती खिळ्याला अडकवली.

आणि त्या सकाळी, ती गेल्यावर, मी काय केलं? बाजेवर आडवा झालो. दोरी घट्ट होती, पाठीला बरं वाटलं. खिशातली चावी बरगडीला टोचत होती. ती काढून मी दुसऱ्या खिशात टाकली आणि कुशीवर वळलो.